२००७ सालची गाडी एमओटी पास झाली, पण सूचनांची यादी दरवर्षी लांबते आहे; पुढे काय करावे?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी २००७ साली पहिल्यांदा रस्त्यावर आलेली, जपानी बनावटीची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक गाडी आहे. ती आम्ही पहिल्या मालकाकडून विकत घेतली आणि तेव्हापासून घरचा सगळा राबता तिच्यावरच आहे. मुलांची शाळा, पत्नीची रुग्णालयातली पाळी, आठवड्याचा बाजार आणि आई-बाबा भारतातून आले की त्यांना चार ठिकाणी फिरवून आणणे, हे सारे तिने निमूटपणे केले आहे. गाडी ९८,००० मैल चालली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची आजवर कसलीही तक्रार नाही, आणि पेट्रोलची युरो ४ (धुराच्या युरोपीय मानकाची) गाडी असल्यामुळे लंडनला जाताना यूलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचा, साडेबारा पौंडांचा भुर्दंडही पडत नाही.

माझी चिंता वार्षिक एमओटीची, म्हणजे इथे ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांना दरवर्षी सक्तीने करावी लागणाऱ्या तपासणीची आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत कागदावर वायपरची पाती झिजली आहेत किंवा एका टायरची नक्षी कमी होत आली आहे, एवढीच सूचना असे. त्यानंतर पुढच्या सस्पेन्शन आर्मचे बुश (जोडातले रबरी भाग) झिजल्याची आणि ब्रेक पाइपांवर किंचित गंज असल्याची नोंद येऊ लागली. या वर्षी मात्र गाडी पहिल्या फेरीत नापास झाली, कारण मागच्या डाव्या चाकाची कॉइल स्प्रिंग तुटलेली निघाली आणि नंबरप्लेटचा दिवाही लागत नव्हता. दोन्ही कामे करून घेतल्यावर प्रमाणपत्र मिळाले, परंतु सोबतच्या सूचनांमध्ये चार गोष्टी आहेत: मागच्या बाजूचे ब्रेक पाइप गंजलेले, पुढच्या दोन्ही लोअर आर्मचे मागचे बुश झिजलेले, फुटपाथच्या बाजूचा सिल (दारांखालची पत्र्याची आडवी पट्टी) गंजू लागलेला आणि हँडब्रेकचा जोर जेमतेम.

गॅरेजवाल्याने सांगितले की पुढच्या वर्षी यातले बरेच काही नापासाच्या रकान्यात जाईल, आणि सिलच्या वेल्डिंगसकट सगळी कामे आत्ताच करून घ्या. त्याने दिलेला खर्चाचा अंदाज गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक आहे. टेस्ट करणारा आणि दुरुस्ती करणारा एकच असल्यामुळे मनात शंका येते, आणि त्याच वेळी ज्या गाडीत मुले बसतात तिच्या ब्रेकच्या बाबतीत काटकसर करण्याचीही इच्छा नाही. यातली कोणती कामे तातडीची, कोणती थांबू शकतात, आणि गाडी काढून टाकावी असे नेमके कोणत्या टप्प्यावर समजावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लेस्टर वर्कशॉप

आपण प्रश्न नीट तपशिलासह मांडला आहे, त्यामुळे उत्तरही तपशिलाने देतो. मी या व्यवसायात बरीच वर्षे आहे आणि टेस्टर म्हणून काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की एमओटी ही त्या दिवशी, काहीही न उघडता, केवळ पाहून, हलवून आणि यंत्रावर मोजून केलेली तपासणी असते. इंजिनची तब्येत, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अंतर्गत स्थिती तिच्या कक्षेत येतच नाही. त्यामुळे "इंजिन उत्तम आहे" हा जुन्या गाडीच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत मोठा दाखला एमओटीच्या दृष्टीने फारसा उपयोगाचा नसतो. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचे भवितव्य बॉनेटच्या खाली ठरत नाही, ते गाडी लिफ्टवर चढवल्यावर तळाशी ठरते. १९६० मध्ये ही चाचणी सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांच्या गाड्यांपासून लागू होती आणि ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. १९६७ पासून ती तीन वर्षांवर आली आणि तेव्हापासून तपासण्याच्या गोष्टी सतत वाढत गेल्या आहेत. गाडीच्या सांगाड्याची तपासणी १९७७ मध्ये आणि धुराची १९९१ मध्ये आली. तळाचा गंज हा आज जुन्या गाडीच्या बाबतीत निर्णायक मुद्दा का आहे, हे यावरून लक्षात येईल.

आता आपल्या चार सूचनांकडे येतो. २० मे २०१८ पासून दोषांची वर्गवारी डेंजरस, मेजर आणि मायनर अशी झाली. पहिल्या दोहोंत गाडी नापास होते, मायनरमध्ये पास होते, आणि अ‍ॅडव्हायजरी हा या तिन्हींच्या बाहेरचा, "लक्ष ठेवा" असे सांगणारा शेरा असतो. मात्र सगळ्या अ‍ॅडव्हायजरी सारख्या नसतात आणि बहुतेक गाडीमालकांचा गोंधळ इथेच होतो. टायर आणि ब्रेक पॅड झिजण्यासाठीच बनवलेले असतात, त्यांचा शेरा आला की बदलून मोकळे व्हावे. बुशचे झिजणे सावकाश चालते. रबराला वरवर बारीक भेगा दिसताच शेरा लिहिला जातो आणि प्रत्यक्ष नापास होण्याइतकी सैल अवस्था यायला पुष्कळदा दोन-तीन वर्षे जातात. मात्र ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जात असेल किंवा पुढून ठक्क असा आवाज येत असेल, तर थांबू नये. गंजाचा शेरा या दोहोंपेक्षा निराळा असतो, कारण गंज थांबत नाही, मैल कमी चालवल्याने तो कमी होत नाही, आणि बाहेरून दिसतो त्याहून आत अधिक असतो.

ब्रेक पाइपांचे काम आपण पुढच्या एमओटीची वाट न पाहता करून घ्यावे, असे मी अगदी स्पष्टपणे सांगतो. मूळ पाइप पोलादी असतो आणि त्यावर पातळ संरक्षक थर असतो. प्लास्टिकच्या ज्या क्लिपांनी तो तळाला धरलेला असतो, त्या क्लिपांच्या पोटात मीठमिश्रित चिखल साचून राहतो. टेस्टरला पाइपाचा उघडा भाग नीट दिसतो, क्लिपखालचा दिसत नाही. मी स्वतः असे पाइप काढले आहेत की ज्यांच्यावर उघड्या भागात फक्त तपकिरी छटा होती आणि क्लिप काढताच खाली पोलादाचे पापुद्रे सुटून हातात आले. पाइपाच्या भिंतीची जाडी एक तृतीयांशाने कमी झाली की गाडी नापास होते, परंतु हे डोळ्यांनी ठरवायचे असल्याने एका टेस्टरचा शेरा आणि दुसऱ्याचे नापास यांत फार अंतर नसते. मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचे पाइप तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे घालून घ्यावेत. ते गंजत नाहीत, हाताने वळवता येतात आणि गाडीच्या उरलेल्या आयुष्यात हा विषय पुन्हा निघत नाही. कामाआधी पेट्रोलची टाकी खाली उतरवावी लागेल का, ते विचारून घ्यावे. मजुरी मुख्यतः त्यावर ठरते.

हँडब्रेकच्या शेऱ्याची मला फारशी काळजी वाटत नाही. हँडब्रेकने गाडीच्या वजनाच्या किमान १६ टक्के रोध मिळाला पाहिजे आणि आपल्या गाडीच्या वयासाठी पायाच्या ब्रेकची मर्यादा ५० टक्के आहे (सप्टेंबर २०१० पासूनच्या गाड्यांना ती ५८ टक्के लागू होते). या आकाराच्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम ब्रेक असतात, आणि शहरात थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत ड्रमच्या आत धूळ व गंज साचून अ‍ॅडजस्टर घट्ट बसतो. ड्रम काढून, साफ करून, अ‍ॅडजस्टर मोकळा करून बसवला की बहुधा जोर परत येतो. नवे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) घालण्याची गरज आहे असे कोणी सांगितले, तर आधी जुने शू हातात घेऊन पाहावेत.

स्प्रिंग तुटणे हे या देशातल्या जुन्या गाड्यांचे नेहमीचे दुखणे आहे. स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा ज्या वाटीत बसतो तिथे खडी आणि चिखल अडकतो, वरचा लेप घासला जातो, उघड्या पोलादाला गंज लागतो आणि एखाद्या थंडीच्या सकाळी खड्ड्यात चाक आदळले की शेवटचा इंच-दीड इंच तुकडा निखळतो. गाडी चालवणाऱ्याला पुष्कळदा पत्ताही लागत नाही. आपली डावी स्प्रिंग गेली आहे म्हणजे तितकीच वर्षे पाहिलेली उजवीही फार मागे नाही. गॅरेजने एकच बदलली असेल तर मागचे काम निघेल तेव्हा दुसरी घालून घ्यावी.

राहिला सिल. यात एकच गोष्ट विचारायची: गंज नेमका कुठे आहे? सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट यांची जोडणी जिथे आहे त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत भार घेणारा पत्रा गंजून कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास होते. त्याच्या बाहेरचा वरवरचा गंज दिसायला कितीही वाईट असला तरी केवळ त्यामुळे नापास होत नाही. टेस्टर बोटांनी दाबून आणि ठोकून पाहतो, आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला की तिथे पोकळी आहे असे समजते. सिलचे दोन थर असतात. बाहेरच्या थराला भोक पडले असेल तर ते कापून, नवा पत्रा घालून, सलग वेल्डिंगने बंद करता येते आणि ते काम टिकते. ठिगळाला चारही बाजूंनी सलग वेल्ड लागते, टिपके टिपके मारून भागवलेले चालत नाही आणि फिलर भरून वर रंग मारणे तर मुळीच ग्राह्य नाही. मात्र आतला थर आणि जॅक लावण्याची जागाच खाल्ली गेली असेल, तर काम कापता कापता वाढत जाते आणि सुरुवातीचा अंदाज शेवटपर्यंत टिकत नाही. म्हणून वेल्डिंगला होकार देण्याआधी प्लास्टिकची कव्हरे काढून, आतल्या थराचे फोटो मागून घ्यावेत. आपला निर्णय या एका पाहणीवर अवलंबून आहे असे माझे मत आहे.

हॅरोकर

वरच्या उत्तरात यांत्रिक बाजू पूर्ण आली आहे, म्हणून मी फक्त व्यवहाराचे मुद्दे जोडतो.

टेस्ट करणारा आणि दुरुस्ती करणारा एकच असल्याची आपली शंका रास्त आहे. अनेक ठिकाणी कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) स्वतःची वाहने तपासणारी केंद्रे सर्वसामान्यांच्या गाड्यांचीही एमओटी करतात आणि दुरुस्तीची कामे घेत नाहीत. तिथल्या माणसाला आपली गाडी नापास करून काही मिळवायचे नसते. मी जुन्या गाडीसाठी गेली कित्येक वर्षे हाच मार्ग अवलंबला आहे आणि शेरे संयत, मोजके व खरे येतात असा माझा अनुभव आहे. फी कुठेही गेले तरी मोटारीसाठी ५४ पौंड ८५ पेन्सहून अधिक घेता येत नाही. त्याहून फार स्वस्तात टेस्ट देणाऱ्याचा नफा कशातून येत असेल, याचा विचार आपण करावा.

दुसरे म्हणजे, मुदत संपण्याच्या दिवशी टेस्ट ठेवू नये. मुदतीआधी एक महिना वजा एक दिवस इतक्या काळात टेस्ट केली तर पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, काहीही बुडत नाही. या काळात गाडी नापास झाली, परंतु दोषांमध्ये डेंजरस असा एकही नसला आणि जुने प्रमाणपत्र चालू असले, तर गाडी घरी आणता येते आणि दुसऱ्या गॅरेजचा अंदाज घेता येतो. अर्थात गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असण्याची कायदेशीर जबाबदारी तेव्हाही आपलीच असते. डेंजरस दोष असताना गाडी चालवली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे त्या बाबतीत धाडस नको. त्याच केंद्रात गाडी ठेवून दहा कामकाजी दिवसांत दुरुस्ती केली तर अंशतः फेरतपासणीला पैसे पडत नाहीत. गाडी बाहेर नेऊन त्याच मुदतीत परत आणली तर अर्धी फी घेतली जाऊ शकते, आणि काही किरकोळ बाबतींत लगेच पुढच्या कामकाजी दिवसाच्या अखेरीपर्यंत परत आणल्यास तीही लागत नाही.

नापास केल्याचा निर्णय पटला नाही तर १४ कामकाजी दिवसांच्या आत डीव्हीएसएकडे (एमओटीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपील करता येते, मात्र त्याआधी त्या दोषाची दुरुस्ती करू नये, नाहीतर तपासायला काही उरत नाही.

अ‍ॅबर्डीनवासी

माझे मत वरच्या मंडळींपेक्षा थोडे वेगळे आहे आणि ते मी उत्तर किनाऱ्यावरच्या अनुभवावरून बनवले आहे. इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्यांवर मीठ पसरलेले असते, आणि समुद्राकडून येणारा वारा उरलेले काम पुरे करतो. देशभरच्या रस्त्यांवर जे खडामीठ टाकले जाते, त्यातले पुष्कळसे चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येते. ते मीठ गाडीच्या तळाच्या प्रत्येक खाचेत बसते आणि पहिल्या उबदार ओलसर दिवसांत खरे गंजणे सुरू होते. कडाक्याच्या थंडीत गंज हळू चालतो. एप्रिलमध्ये मात्र तो झपाट्याने पसरतो आणि नेमक्या त्याच काळात आपण "हिवाळा संपला" म्हणून निर्धास्त होतो.

या भागात सिलचा शेरा आला की पुढच्या दोन हिवाळ्यांत मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी तळाची चौकट) किंवा अ‍ॅक्सलच्या जोडण्या यांचा शेरा येतो, हे मी माझ्या आणि मित्रांच्या गाड्यांत पाहिले आहे. एका वर्षी सिल, दुसऱ्या वर्षी पाइप, तिसऱ्या वर्षी सबफ्रेम अशी कामे करत गेल्यावर प्रत्येक वेळी "आता एवढा खर्च केलाच आहे, तर हेही करू" असे वाटते, आणि गाडी ठेवण्याचा निर्णय प्रत्यक्षात कोणी घेतलेलाच नसतो, तो होऊन गेलेला असतो. माझ्या मते प्रमाणपत्रावर दहा-अकरा महिने शिल्लक असताना, म्हणजे आत्ताच, गाडी विकावी. घेणाऱ्यापासून काही लपत नाही, कारण नंबरप्लेट टाकली की २००५ पासूनच्या टेस्टचे निकाल, मैल आणि सगळे शेरे कोणालाही सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसतात. त्यामुळे किंमत प्रामाणिक येईल, पण ती येईल तरी.

गाडी ठेवायचीच असेल, तर मात्र तळाची निगा आतापासून घ्यावी. वसंत ऋतू लागताच तळ भरपूर गोड्या पाण्याने धुऊन काढावा. सिल आणि दारे यांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची लहान भोके असतात, ती माती आणि पानांनी बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करावीत. पूर्ण वाळल्यावर पोकळ भागांच्या आत मेण फवारून घ्यावे. गंजावरच काळे जाड अंडरसील फासण्याचे काम कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर नकार द्यावा, कारण त्याखाली ओल कोंडते आणि दोन वर्षांनी वरची कातडी शाबूत व आतला पत्रा गायब अशी स्थिती होते. असा लेप दिसला की अनुभवी टेस्टरलाही संशय येतो, आणि तो योग्यच असतो.

ठाणे ते स्लाउ

एक मुद्दा मांडावासा वाटतो, कारण माझे वडील ठाण्याला त्यांची जुनी गाडी अजून चालवतात आणि आम्हा दोघांत याविषयी नेहमी बोलणे होते. आपल्याकडे खासगी गाडीचे पासिंग पहिल्या नोंदणीनंतर थेट पंधरा वर्षांनी येते आणि पुढे दर पाच वर्षांनी. वार्षिक फिटनेस आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक वाहनांना असते. मधल्या काळात पीयूसी होत राहते, परंतु ती केवळ धुराची असते, गाडीखाली कोणी वाकून पाहत नाही. वडिलांच्या गाडीची ब्रेकची नळी झिरपत होती, हे त्यांना ब्रेकच्या तेलाची पातळी उतरल्यावरच समजले. त्यामुळे सूचनांची यादी दरवर्षी लांबते आहे याचे वाईट वाटून घेऊ नये. कोणीतरी दरवर्षी गाडीखाली उभे राहून पाहतो आहे आणि जे दिसते ते लिहून ठेवतो आहे, हे गाडीत बसणाऱ्यांच्या दृष्टीने मोलाचे आहे.

रेडिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. लेस्टर वर्कशॉप यांनी सांगितल्याप्रमाणे मी दुसऱ्या, वेल्डिंगचेच काम करणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली आणि प्लास्टिकची कव्हरे काढून घेतली. बाहेरच्या सिलला मागच्या चाकाच्या कमानीपाशी साधारण तळहाताएवढ्या भागात गंज आहे आणि एका ठिकाणी स्क्रूड्रायव्हरची मूठ दाबताच पत्रा आत गेला. आतला थर त्यांनी कॅमेऱ्याने दाखवला. त्यावर पृष्ठभागी तांबूस गंज आहे, परंतु पत्रा ठोकल्यावर आवाज खणखणीत येतो. जॅकची जागा शाबूत आहे. दुसऱ्या बाजूच्या सिलला काहीही झालेले नाही. या गॅरेजने फक्त सिलच्या कामाचा दिलेला अंदाज पहिल्याने सांगितलेल्या रकमेपेक्षा बराच कमी आहे. पाइपांबाबत मात्र दोघांचे एकमत आहे आणि टाकी थोडी खाली घ्यावी लागेल असे सांगितले आहे.

अ‍ॅबर्डीनवासी यांचा युक्तिवाद मला पटतो, विशेषतः निर्णय न घेताच खर्च होत जातो हे निरीक्षण. परंतु आमच्या भागात मीठ त्या मानाने कमी पडते, आणि त्याच पैशांत मिळणारी दुसरी गाडीही दहा-बारा वर्षांचीच असेल, तिच्या तळाची मला काहीच माहिती नसेल. या परिस्थितीत गाडी ठेवणे योग्य ठरेल का, आणि कामांचा क्रम कसा लावावा?

लेस्टर वर्कशॉप

आपण जे वर्णन केले आहे त्यावरून मी गाडी ठेवण्याच्या बाजूने मत देईन. आतला थर खणखणीत आहे, जॅकची जागा शाबूत आहे आणि एकच बाजू गेली आहे, या तीन गोष्टी जुळून येणे चांगले आहे. मागच्या कमानीपाशी सस्पेन्शनची आणि सीटबेल्टची जोडणी जवळ असते, त्यामुळे ती जागा बहुधा ३० सेंटिमीटरच्या आत पडेल आणि पुढच्या टेस्टला नापास करील. म्हणून ते काम टाळता येणार नाही, पण आत्ता ते लहान आहे आणि एक हिवाळा गेल्यावर लहान राहणार नाही. अ‍ॅबर्डीनवासी जे सांगतात ते त्यांच्या भागासाठी शंभर टक्के खरे आहे. माझ्याकडे स्कॉटलंडहून आलेली गाडी लिफ्टवर चढवली की मी आधी सबफ्रेम पाहतो, मग बाकीचे. आपल्या गाडीचीही सबफ्रेम या कामाच्या वेळी पाहून घ्यावी आणि ती खवले सुटलेली निघाली तर मात्र वेल्डिंगवर पैसे न घालता गाडी विकण्याचा विचार करावा.

क्रम असा ठेवावा की आधी ब्रेक पाइप आणि त्याच फेरीत ड्रमची साफसफाई व दुसरी स्प्रिंग, कारण मागची चाके आणि ब्रेक तेव्हा उघडलेलेच असतील आणि ब्रेक तेल नाहीतरी पूर्ण नवे भरावे लागेल. त्यानंतर, पण पहिले मीठ पडण्याआधी, म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत, सिलचे वेल्डिंग. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला रंग आणि मेण जळते, म्हणून जोडाच्या आतल्या बाजूला मेणाची फवारणी त्याच गॅरेजकडून करून घ्यावी आणि ती करणार का हे आधीच विचारावे. पुष्कळ ठिकाणी ठिगळ सुबक होते आणि आतून उघडेच राहते, मग तेच ठिगळ तीन वर्षांत कडेने फुगू लागते. बुश आत्ता राहू द्यावेत. ते बदलताना पूर्ण आर्मच नवा घालणे बहुधा स्वस्त पडते, आणि तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदम करून चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.

गाडी शहरात थोड्या अंतरावरच चालते असे आपल्या वर्णनावरून दिसते, म्हणून धुराबद्दलही एक सांगतो. पेट्रोल गाडीचा धूर इंजिन वेगात फिरवून मोजतात, कार्बन मोनॉक्साइड साधारणपणे ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान यावा लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) तापलेला नसेल तर चांगली गाडीही इथे अडते. टेस्टच्या दिवशी घरून थेट कोपऱ्यावरच्या केंद्रात जाण्याऐवजी मोटरवेवर वीस मिनिटे चालवून, इंजिन बंद न करता आत न्यावी. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असेल तर टेस्टला नेऊच नये, कारण जुलै २००३ पासूनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये तो पेटलेला असणे हाच नापासाचा दोष आहे. एअरबॅग आणि एबीएसच्या दिव्यांनाही हेच लागू आहे. किल्ली फिरवल्यावर हे दिवे क्षणभर लागून विझतात ना, हेही पाहावे. न लागणारा दिवा टेस्टरच्या नजरेतून सुटत नाही.

टेस्टच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक, रिव्हर्स, नंबरप्लेट असे सगळे दिवे एकदा पाहावेत, वॉशरमध्ये पाणी भरावे, आणि टायरची नक्षी मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत, पूर्ण घेरात १.६ मिलिमीटरहून कमी नाही ना ते आतल्या कडेपर्यंत पाहावे. चाक वळवल्याशिवाय आतली कड दिसत नाही आणि झिजलेल्या बुशमुळे टायर आधी तिथेच खाल्ला जातो. दिवे, टायर आणि काच यांवरून नापास होणाऱ्या गाड्यांची संख्या दरवर्षी मोठी असते, आणि हे सगळे घरच्या अंगणात तपासता येते.

सिल कापल्यावर आत काय निघाले ते इथे जरूर कळवावे. आतल्या थराबद्दल कॅमेऱ्यातून दिसलेले आणि कापल्यावर दिसलेले यांत फरक पडला, तर वेल्डरला तिथेच थांबवून, पुढच्या खर्चाचा नवा अंदाज लेखी घ्यावा.